आदेश दुपारी, भाषण रात्री

११ जून १९६३, मंगळवार. वॉशिंग्टनमध्ये संध्याकाळचे पावणेआठ होत आले होते. आठच्या ठोक्याला अध्यक्ष जॉन केनेडी टीव्हीवरून कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांबद्दल देशाशी बोलणार, असं वाहिन्यांना कळवून झालं होतं. कार्यालयात कॅमेरे लागले होते, दिवे लागले होते. नव्हतं ते फक्त भाषण. कॅबिनेटच्या खोलीत अध्यक्ष, त्यांचा धाकटा भाऊ आणि अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी, आणि न्याय खात्यात नागरी हक्कांचं काम बघणारा बर्क मार्शल बसले होते. अध्यक्षांची भाषणं लिहिणारा टेड सॉरेन्सन मसुद्यावर अजून हात फिरवत होता. आलेली पानं अपुरी होती. शेवट तर नव्हताच. अध्यक्ष हाताला लागेल त्या कागदावर मुद्दे खरडत होते, वेळ पडली तर तोंडीच बोलायची तयारी करत होते.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. इतिहास म्हणून नव्हे, पोटापाण्याच्या आठवणीने. माझी बरीच नोकरी दुसऱ्यांची भाषणं लिहिण्यात गेली. जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी कार्यालयात. १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारीची ध्वजारोहणाची भाषणं, पुलांची उद्घाटनं, साक्षरतेचे मेळावे. अमेरिकेच्या अध्यक्षाशी माझी तुलना करण्याचा प्रश्नच नाही. पण "शेवटचा परिच्छेद राहिलाय, साहेब गाडीत बसले" हे वाक्य ज्याने फोनवर ऐकलंय त्याला त्या खोलीतली हवा लगेच ओळखू येते.

आणखी एक गोष्ट ओळखीची वाटते. आमच्याकडे मंत्र्यांच्या दौऱ्याच्या दिवशी टेबलावर दोन फायली असायच्या. एक भाषणाची, एक बंदोबस्ताची. भाषणाची माझी, बंदोबस्ताची पोलिसांची. पण गावात काही पेटलेलं असलं की दोन्ही एकमेकींत मिसळायच्या. मग माझ्याकडे निरोप यायचा, "शांततेचं आवाहन तयार करा." त्याचा साचा ठरलेला. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. कायदा हातात घेऊ नये. दोषींची गय केली जाणार नाही. कायदा आपलं काम करील. ही वाक्यं मी झोपेतही लिहू शकायचे, आणि त्यांनी कोणाचं मन बदललं असेल असं मला कधीच वाटलं नाही. ती मन बदलायला लिहिलेलीच नसतात. प्रशासन जागेवर आहे, एवढं कळवायला असतात.

केनेडींनीही असं एक आवाहन केलं होतं, त्या जूनच्या नऊ महिने आधी. ११ जूनचं भाषण समजून घ्यायचं तर आधी ते वाचायला हवं.

३० सप्टेंबर १९६२, रविवारची रात्र. मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्ड गावी राज्याचं विद्यापीठ. तिथे जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला प्रवेश द्यावा असा संघराज्याच्या न्यायालयांचा आदेश होता. हवाई दलात नोकरी करून आलेला हा माणूस आपल्याच राज्याच्या विद्यापीठात शिकू पाहत होता, आणि गव्हर्नर रॉस बार्नेट त्याची वाट अडवून बसले होते. फोनवर केनेडी बंधूंशी वाटाघाटी आणि बाहेर जनतेसमोर गर्जना, असा बार्नेट यांचा दुहेरी कारभार चालला होता. शेवटी मेरेडिथला गुपचूप विद्यापीठाच्या आवारात आणून ठेवलं गेलं. संघराज्याचे मार्शल, म्हणजे केंद्राचे पोलीस अधिकारी, प्रशासकीय इमारतीभोवती उभे राहिले. त्यांना बंदुका चालवायची मनाई होती, हातात फक्त अश्रुधुराची नळकांडी.

रात्री दहा वाजता केनेडी टीव्हीवर आले. मेरेडिथ आता आवारात राहायला आले आहेत, सैन्य न वापरता हे पार पडलं आहे, असं त्यांनी सांगितलं. अमेरिकन माणसाला कायद्याशी असहमत असण्याचं स्वातंत्र्य आहे, तो मोडण्याचं नाही, असं बजावलं. मग मिसिसिपीच्या शौर्याची, युद्धात आणि खेळाच्या मैदानात कमावलेल्या नावाची स्तुती केली, आणि साऱ्या जगाचे डोळे तुमच्याकडे लागले आहेत, अशी विद्यार्थ्यांना साद घातली.

ते बोलायला लागण्याच्या थोडंच आधी ऑक्सफर्डमध्ये अश्रुधूर सुटला होता. अध्यक्षांचं शांततेचं आवाहन ज्यांच्यासाठी होतं ते त्या वेळी विटा, बाटल्या फेकत होते. पुढे गोळ्याही झाडल्या गेल्या. सैन्य यायला तासन्‌तास लागले. सकाळपर्यंत दोन माणसं मेली होती, त्यातला एक फ्रेंच बातमीदार. दीडशेहून जास्त मार्शल जखमी झाले.

मला ते भाषण वाचवत नाही. वाईट लिहिलेलं आहे म्हणून नव्हे. चांगलंच लिहिलेलं आहे, समतोल आहे, कोणालाही दुखवत नाही. पण त्यात मेरेडिथ हा माणूसच नाही. तो एका न्यायालयीन आदेशाचा विषय म्हणून येतो. त्याला आत का घ्यायचं? न्यायालयाने सांगितलं म्हणून. न्यायालयाने सांगितलं नसतं तर? त्यावर भाषण गप्प आहे. बंदोबस्ताच्या फायलीतून उचललेलं भाषण असंच असतं. आणि तो बंदोबस्तही त्या रात्री अपुराच पडला.

केनेडी नागरी हक्कांच्या प्रश्नावर पाय ओढत होते हे त्यांचे चाहतेही मान्य करतात. १९६० च्या प्रचारात ते म्हणाले होते की घरांच्या बाबतीतला भेदभाव अध्यक्षाला लेखणीच्या एका फटकाऱ्याने संपवता येईल. निवडून आले, आणि महिन्यांमागून महिने लेखणी काही चालेना. तेव्हा लोकांनी व्हाइट हाऊसला टपालाने पेनं पाठवायला सुरुवात केली. (हा सत्याग्रह मला फार आवडतो. आपल्याकडे खड्ड्यात झाडं लावतात, त्याच जातीचा.) सही झाली नोव्हेंबर १९६२ मध्ये, तीही काटछाट केलेल्या आदेशावर.

मग १९६३ चा मे आला. बर्मिंगहॅम. अलाबामातल्या त्या शहरात मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांना मोर्चात उतरवलं, आणि शहराच्या सार्वजनिक सुरक्षेचा आयुक्त बुल कॉनर याने त्यांच्यावर पोलिसी कुत्री आणि अग्निशामक दलाचे पाण्याचे फवारे सोडले. कॉनरही आपल्या परीने कायदा आणि सुव्यवस्थाच राखत होता. परवान्याशिवाय मोर्चा काढायचा नाही असा नियम होता, न्यायालयाचा मनाई हुकूम होता, आणि मुलं तो मोडत होती. "कायद्याशी असहमत व्हा, पण मोडू नका" हे ऑक्सफर्डचं वाक्य बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर नेऊन ठेवलं की ते कॉनरच्या बाजूने बोलायला लागतं. ही अडचण केनेडींच्या लक्षात आली नसेल असं मला वाटत नाही.

आता त्या मंगळवारच्या सकाळकडे येते.

अलाबामातल्या टस्कालूसा गावचं विद्यापीठ. व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायचा न्यायालयाचा आदेश होता. दोघंही वीस वर्षांची. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी निवडणुकीत वचन दिलं होतं की असा प्रसंग आला तर मी स्वतः शाळेच्या दारात उभा राहीन. जानेवारीत शपथ घेताना त्यांनी "आज वंशभेद, उद्या वंशभेद, कायम वंशभेद" अशी ललकारी दिली होती. ती ओळ त्यांना लिहून देणाऱ्या माणसाचं नाव आसा कार्टर, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेतला. पुढे याच कार्टरने नाव बदललं, आपण चेरोकी आदिवासींच्या घरात वाढलेलं अनाथ पोर आहोत अशी बतावणी केली आणि कादंबरीकार म्हणून नाव कमावलं. भाषणं लिहिणाऱ्यांच्या जमातीचा इतिहास लिहायचा झाला तर सॉरेन्सनच्या शेजारच्या पानावर कार्टरला बसवावं लागेल. शब्दांची ताकद दोघांनाही सारखीच कळली होती.

या वेळी वॉशिंग्टनने ऑक्सफर्डचा धडा नीट गिरवला होता. प्रश्न असा होता: गव्हर्नर दारात उभा राहणार, त्याला हात लावायचा नाही, अटक करून हुतात्मा बनवायचं नाही, आणि तरीही संध्याकाळपर्यंत दोन्ही मुलांची नावनोंदणी झालेली असायला हवी. यावर शोधलेली तोड मला आजही चकित करते. मुलांना दारापर्यंत न्यायचंच नाही. ती गाडीत थांबतील. दाराशी जाईल तो फक्त उपअ‍ॅटर्नी जनरल निकोलस कॅट्झेनबाख. वॉलेस नकार देतील तो सरकारी अधिकाऱ्याला. मुलांना त्यांनी तोंडावर अडवलं असं होणारच नाही, म्हणजे न्यायालयाचा अवमान म्हणून तिथल्या तिथे अटक करायची पाळीही येणार नाही. कोणी कुठे उभं राहायचं याच्या खडूच्या खुणासुद्धा जमिनीवर केलेल्या होत्या. बंदोबस्ताची आणि नाटकाची तालीम यात अंतर किती कमी असतं, हे ज्यांनी मंत्र्याच्या सभेचं व्यासपीठ लावलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

त्या दिवसांत माहितीपट बनवणारे काही लोक रॉबर्ट केनेडींच्या कार्यालयात कॅमेरा घेऊन वावरत होते, त्यामुळे पडद्यामागचंही थोडं बघायला मिळतं. रॉबर्ट फोनवर कॅट्झेनबाखला सांगताहेत की वॉलेसला फार मोठं करू नकोस, हा दुय्यम माणूस आपला वेळ खातोय अशा थाटात बोल. मध्येच त्यांची तीन वर्षांची मुलगी केरी येते आणि बाबा फोन तिच्या हाती देतात. टस्कालूसाच्या उन्हात घाम पुसणाऱ्या कॅट्झेनबाखला ती "हाय निक" म्हणते. देशातल्या सर्वांत नाजूक पोलिसी कारवाईच्या मधोमध हे घडतं, आणि कोणालाच त्यात वावगं वाटत नाही.

कॅट्झेनबाख उंच, टक्कल पडलेला, महायुद्धात विमान पाडलं गेल्यावर शत्रूच्या कैदेत राहिलेला माणूस. वॉलेस बुटके, तेही युद्धात बॉम्बफेकी विमानांवर काम केलेले. फॉस्टर सभागृहाच्या दारात दोघं समोरासमोर आले. कॅट्झेनबाखने अध्यक्षांची त्याच सकाळी काढलेली उद्घोषणा पुढे केली आणि बेकायदा अडवणूक थांबवा असं सांगितलं. तो पुढे बोलू लागताच वॉलेस म्हणाले, आम्हाला तुमचं भाषण नकोय. आणि मग स्वतःच खिशातून भाषण काढून वाचायला लागले. केंद्र सरकारचं अतिक्रमण, राज्यांचे हक्क, संविधान, सगळं त्यात होतं. गंमत म्हणजे ते भाषण सभ्य होतं. दारात उभं राहण्याचं खरं कारण त्यात कुठेही नव्हतं. जानेवारीतली ललकारी राज्यातल्या मतदारांसाठी होती. जूनचा हा मसुदा देशभरच्या कॅमेऱ्यांसाठी होता. पुढे १९६८ मध्ये हेच वॉलेस अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि त्यांनी दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली. त्या दारात ते हरले असं मला काही पूर्णपणे म्हणवत नाही.

वॉलेस हलले नाहीत. कॅट्झेनबाख वळला, गाडीपाशी गेला आणि व्हिव्हियन मलोनला घेऊन सरळ तिच्या वसतिगृहाकडे चालू लागला. खोलीची किल्ली त्याच्याकडे आधीच होती. गव्हर्नर एक दार अडवून बसलेले आणि मुलगी दुसऱ्या दाराने आपल्या खोलीत जाऊन पोचलेली! ती भोजनगृहात जेवायलाही गेली. या सबंध दिवसातली मला सर्वांत आवडणारी घटना ही. जेवायला कसली आलीय उद्घोषणा?

इकडे वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षांनी अलाबामाच्या नॅशनल गार्डला, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यदलाला, संघराज्याच्या सेवेत घेणाऱ्या आदेशावर सही केली. कार्यकारी आदेश क्रमांक १११११. पाच एके ओळीने. सकाळपर्यंत वॉलेस यांच्या हुकमतीत असलेलं दल त्या सहीने केनेडींच्या हुकमतीत आलं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला त्या दलाचे ब्रिगेडियर जनरल हेन्री ग्रॅहम दारापाशी आले. स्वतः अलाबामाचेच. त्यांनी गव्हर्नरांना सलाम केला आणि अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आदेशावरून आपल्याला बाजूला व्हायला सांगणं हे माझं दुःखद कर्तव्य आहे, असं म्हणाले. वॉलेस अजून थोडं बोलले आणि बाजूला झाले. हूड आणि मलोन आत गेले, नावं नोंदवून बाहेर आले. एक दगड पडला नाही.

इथे माझ्यासारख्या कर्मचाऱ्याने सुटकेचा श्वास सोडून घरी जायचं. बंदोबस्त यशस्वी. प्रसिद्धिपत्रक काढा, दोन परिच्छेद पुरे. राजकीय दृष्टीने तर गप्प बसण्यातच शहाणपण होतं. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, दक्षिणेतल्या डेमोक्रॅट सदस्यांची मनधरणी करायची होती, पुढच्या वर्षी निवडणूक होती, आणि बहुतेक सल्लागारांना आज रात्री टीव्हीवर जाणं नको होतं. रॉबर्ट केनेडी तेवढे भाषणाच्या बाजूने होते. अध्यक्षांनी टस्कालूसाचं दृश्य टीव्हीवर पाहिलं, सॉरेन्सनकडे वळले आणि म्हणाले, ते भाषण आज रात्रीच देऊन टाकू या.

आज रात्रीच म्हणजे हाताशी उरलेल्या काही तासांत. मला या निर्णयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्याची वेळ. ऑक्सफर्डला भाषण बंदोबस्ताचं काम करायला पाठवलं होतं आणि ते तोंडावर आपटलं. ११ जूनला बंदोबस्ताने आपलं काम दुपारीच उरकलं होतं. जमावाला शांत करायचं नव्हतं, कोणा गव्हर्नरला आंजारायचं गोंजारायचं नव्हतं, कोणाच्या खेळाची स्तुती करायची नव्हती. भाषणावर कसलीच प्रशासकीय जबाबदारी उरली नव्हती. म्हणून त्याला खरं बोलता आलं.

सॉरेन्सन नेब्रास्कातल्या लिंकन गावचा. वय पस्तीसच. आदल्याच दिवशी केनेडींनी वॉशिंग्टनमधल्या 'अमेरिकन युनिव्हर्सिटी'त शांततेवर, अण्वस्त्रांवर एक भाषण दिलं होतं, तेही मुख्यतः त्याच्याच हातचं. त्याच्याही आदल्या दिवशी अध्यक्ष होनोलुलूमध्ये शहरांच्या महापौरांसमोर नागरी हक्कांवर बोलून रातोरात परतले होते. तीन दिवसांत तीन भाषणं, शिवाय मध्ये पॅसिफिक महासागर. त्याच ११ तारखेला सायगावमध्ये एका बौद्ध भिक्षूने भर चौकात स्वतःला पेटवून घेतलं होतं आणि व्हिएतनामची फाइल वेगळीच धुमसत होती. लेखक कितीही तल्लख असो, अशा वेळी तो जुन्या कागदांकडे वळतो. सॉरेन्सननेही तेच केलं. फेब्रुवारीत अध्यक्षांनी काँग्रेसला नागरी हक्कांवर एक लेखी संदेश पाठवला होता, तो फारसा कोणी वाचला नव्हता. त्यातला एक उतारा जवळजवळ जसाच्या तसा या भाषणात आला: आज अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय बाळाला, त्याच जागी त्याच दिवशी जन्मलेल्या गोऱ्या बाळाच्या मानाने शाळा पूर्ण करण्याची संधी निम्मी, महाविद्यालय पूर्ण करण्याची एकतृतीयांश, बेकार राहण्याची शक्यता दुप्पट, आणि आयुष्य सात वर्षांनी कमी.

फेब्रुवारीत हा आकडेवारीचा परिच्छेद होता. जूनमध्ये तो आरोप झाला. शब्द तेच. आधी ते काँग्रेसच्या दप्तरात गेले होते, आता घराघरातल्या दिवाणखान्यात गेले.

भाषण तेरा-चौदा मिनिटांचं आहे. सुरुवात अगदी सरकारी: आज दुपारी अलाबामा विद्यापीठात न्यायालयाचा आदेश अमलात आणण्यासाठी गार्डची गरज पडली वगैरे. पण दोन पात्र तरुणांचा उल्लेख करताना "जे योगायोगाने कृष्णवर्णीय म्हणून जन्मले" असं ते म्हणतात, आणि तिथे वळण घेतात. हा प्रश्न एका भागाचा नाही, पक्षाचा नाही, आणि नुसता कायद्याचाही नाही. केवळ कायदा माणसाला योग्य काय ते दाखवू शकत नाही. हा मुळात नैतिकतेचा प्रश्न आहे, धर्मग्रंथांइतका जुना आणि अमेरिकेच्या संविधानाइतका स्पष्ट. मग ऐकणाऱ्याला थेट विचारतात: तुमच्यापैकी कोण आपल्या कातडीचा रंग बदलून त्याच्या जागी उभा राहायला तयार आहे? आणि राहिलात, तर "जरा धीर धरा, अजून थांबा" हा सल्ला तुम्हाला गोड लागेल का?

नऊ महिन्यांपूर्वी "कायदा मोडू नका" म्हणणारा माणूस आता "कायदा पुरेसा नाही" म्हणतो आहे. गणवेशातला जनरल दारात पाठवल्यावर काही तासांनी म्हणतो आहे, हे विशेष. आदेश क्रमांक १११११ काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे त्या दिवशी त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलं नसेल.

मराठी वाचकाला हा विचार नवा वाटणार नाही. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात, न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीला डॉ. आंबेडकर बोलले होते की हक्कांचं रक्षण कायदा करत नसतो, समाजाची सामाजिक आणि नैतिक सद्सद्विवेकबुद्धी करत असते. समाजाचाच विरोध असेल तर कोणताही कायदा, संसद की न्यायव्यवस्था त्या हक्कांची खरी हमी देऊ शकत नाही. हे त्यांना ग्रंथातून सुचलेलं नव्हतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागद चोख होते. तरी २० मार्च १९२७ ला हजारो लोकांना चालत जाऊन त्या पाण्याला हात लावावा लागला, आणि त्यानंतर परतणाऱ्या लोकांना सवर्णांचा मार खावा लागला. केनेडींना सत्तेच्या टोकावरून जे १९६३ मध्ये दिसलं, ते आंबेडकरांना तळ्याच्या काठावरून केव्हाच दिसलेलं होतं. फरक असा की त्यांच्याकडे सलाम ठोकून दार मोकळं करून देणारा जनरल नव्हता.

आता शेवटाकडे, म्हणजे जो लिहूनच झाला नव्हता त्या शेवटाकडे. लिहिलेली पानं संपल्यावर केनेडी आपल्या मनाने बोलत राहिले, आणि भाषण वाचताना तो सांधा कळतो. तोवरची वाक्यं घडीव आहेत, सॉरेन्सनच्या तालातली. इथून पुढे वाक्यं लांबतात, अडखळतात, "आणि" ने जोडली जातात. प्रत्येक मुलाची बुद्धी सारखी नसते, कुवत सारखी नसते, जिद्दही सारखी नसते, पण ती वाढवायचा हक्क सारखा हवा. कृष्णवर्णीय समाजाने जबाबदारीने वागावं, कायदा पाळावा अशी अपेक्षा करायचा आपल्याला हक्क आहे, पण कायदा न्यायाने वागेल अशी अपेक्षा करायचा त्यांनाही हक्क आहे. आपण बोलतोय ते याबद्दल, असं म्हणून ते सगळ्यांचा पाठिंबा मागतात, आभार मानतात आणि थांबतात.

मला कोणी हा शेवट तपासायला दिला असता तर मी लाल पेनने निम्मा उडवला असता. टाळीचं वाक्य नाही, उंची नाही. पण कायदा पाळण्याची अपेक्षा आणि कायद्याकडूनची अपेक्षा एकाच दमात मांडणारं ते वाक्य याच विस्कळीत भागात आहे. माझ्या सगळ्या शांततेच्या आवाहनांमध्ये पहिला अर्धा भाग होता. दुसरा अर्धा लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि लिहिला असता तर तो छापून गेला नसता.

भाषणाची तारीफ लगेच झाली. किंग यांनी त्याच रात्री तार केली. पण एका भाषणाने फार काही होतं असा भ्रम बाळगायला त्या रात्रीने कोणालाच वेळ दिला नाही. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात मर्ली एव्हर्स मुलांना घेऊन टीव्हीसमोर बसल्या होत्या. नवरा मेडगर, महायुद्धात लढलेला सैनिक आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीचा त्या राज्यातला कार्यकर्ता, अजून बैठकीहून आला नव्हता. बाबा आले की भाषणाबद्दल बोलू म्हणून मुलं जागी राहिली. मध्यरात्र उलटल्यावर गाडीचा आवाज आला आणि पाठोपाठ बंदुकीचा. अंगणातच, पाठीत गोळी. एव्हर्स ३७ वर्षांचे होते. १९ जूनला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना पुरलं, आणि त्याच दिवशी केनेडींनी नागरी हक्क विधेयक काँग्रेसकडे पाठवलं. ते संमत होऊन त्यावर सही झाली ती २ जुलै १९६४ ला. सही करायला केनेडी नव्हते.

एव्हर्स यांच्या खुनाचा आरोप बायरन डी ला बेकविथ याच्यावर होता. बंदुकीवर त्याच्या बोटाचा ठसा सापडला होता. १९६४ मध्ये दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरी फक्त गोऱ्या पुरुषांची, आणि दोन्ही वेळा एकमत न झाल्याने निकाल लागला नाही. एका खटल्यात माजी गव्हर्नर रॉस बार्नेट भर न्यायालयात येऊन आरोपीशी हस्तांदोलन करून गेले. हो, तेच, ऑक्सफर्डचे. मर्ली एव्हर्स यांनी पाठपुरावा सोडला नाही. तिसरा खटला उभा राहिला, आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये जॅक्सनच्याच न्यायालयाने ७३ वर्षांच्या बेकविथला जन्मठेप दिली. त्या ज्यूरीत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. टस्कालूसात नाव नोंदवलेल्या व्हिव्हियन मलोनला तोवर पदवी घेऊन जवळजवळ २९ वर्षं झाली होती.